मरुत्सखाचा रंग कोणता?

मित्रहो, सहावीत असताना विज्ञान दिनाच्या वक्तृत्व स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. भाषण आबांनी लिहून दिलं होतं. आबा म्हणजे माझे आजोबा, माजलगाव तालुक्यात जन्मभर प्राथमिक शिक्षक होते. भाषणाचा विषय होता शिवकर बापूजी तळपदे. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ साली, आपल्या मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर एका मराठी माणसाने विमान उडवलं, ते १५०० फूट उंच गेलं, त्याचं नाव ‘मरुत्सखा’, आणि इंग्रजांनी हा शोध दडपून टाकला. हे सगळं मी हातवारे करून सांगितलं होतं. टाळ्या खूप पडल्या. तो स्टीलचा पेला अजून आमच्या घरात देवळीत ठेवलेला आहे.

ही गोष्ट माझ्याकडून परत तपासून घेतली ती एका पेंटरने. कशी, ते सांगतो.

गॅदरिंगच्या प्रदर्शनात आमच्या ग्रुपने ‘भारतीय विमानविद्येची वाटचाल’ असा स्टॉल लावायचा ठरवला. मॉडेल करायचं काम माझ्याकडे आलं. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना माझ्या बॅगेत कपडे कमी आणि बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, रबर आणि फेव्हिकॉल जास्त होतं. बाल्सा लाकूड परवडणारं नव्हतं. पंधरा दिवस माळवदावर बसून मी सांगाडा केला. पंखांची लांबी ९० सेंटिमीटर, रुंदी १२ सेंटिमीटर, पुढे प्लॅस्टिकचा पंखा, पोटात पिळा दिलेलं रबर. सगळं कागदाने मढवून झाल्यावर सराफाच्या काट्यावर वजन केलं, कारण किराणा दुकानाचा काटा एवढं हलकं वजन धरतच नव्हता. भरलं ९२ ग्रॅम. सराफ हसले, पण पैसे घेतले नाहीत.

मग ते विमान घेऊन मी नंबर प्लेट आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटर चाचांकडे गेलो. त्यावर दोन्ही बाजूंनी ‘मरुत्सखा’ असं झोकदार अक्षरात लिहून पाहिजे आणि सगळं विमान खऱ्यासारखं रंगवून पाहिजे, असं सांगितलं. चाचांनी ते हातात घेऊन फिरवून बघितलं आणि साधा प्रश्न विचारला, की खऱ्याचा रंग कोणता होता? मी गप्प. पंख लाकडाचे होते की कापडाचे? गप्प. किती मोठं होतं? गप्प. एखादा फोटो तरी दाखव म्हणाले, त्यावरून करतो. चाचांना ट्रॅक्टर रंगवायचा असला तरी ते आधी कंपनीचा रंग बघतात. माझ्याकडे मात्र जगातल्या पहिल्या विमानाचा फोटोच नव्हता!

त्यांनी शेवटी आपल्या अंदाजाने रंगवून दिलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. सुट्टी संपल्यावर मी लायब्ररीत बसलो, आणि सहावीतल्या भाषणातला माणूस पहिल्यांदा मला खरा भेटला.

शिवकर बापूजी तळपदे यांचा जन्म १८६४ सालचा, मुंबईतला. म्हणजे विल्बर राइटपेक्षा ते तीन वर्षांनी मोठे. पाठारे प्रभू समाजातलं घर. हा समाज मुंबईच्या जुन्या रहिवाशांपैकी. तळपदे इंजिनिअर नव्हते. ते शिकले सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, आणि पुढे कला शिकवणं हाच त्यांचा व्यवसाय झाला. आमच्यासारख्या मेकॅनिकलवाल्यांना हे वाचून गंमत वाटेल. पण त्यात विशेष काही नाही. राइट बंधूंकडे तरी कुठे कॉलेजची डिग्री होती? त्यांचं सायकलचं दुकान होतं.

तळपदे वाढले ती मुंबई डोळ्यांसमोर आणा. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झालेली. कापडगिरण्यांची धुराडी उभी राहत होती. जे. जे. स्कूल १८५७ साली सुरू झालेलं. १८८९ साली पर्सिव्हल स्पेन्सर नावाच्या इंग्रज माणसाने मुंबईत येऊन बलूनमधून आकाशात जाऊन दाखवलं, तेव्हा तळपदे पंचविशीत होते. वाफ, वीज, तारायंत्र ही सगळी नवी यंत्रं साहेबाची होती, आणि ती बघून आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाला एकाच वेळी कौतुक वाटायचं आणि कमीपणाही वाटायचा. आपल्याकडे असं काही कधीच नव्हतं का, हा प्रश्न त्या पिढीला सतत टोचत होता.

या प्रश्नाला एक उत्तर देणारी चळवळ मुंबईतच उभी राहिली होती. १८७५ साली स्वामी दयानंद सरस्वती यांनी आर्य समाजाची स्थापना मुंबईत केली. वेदांमध्ये सर्व विद्यांचं मूळ आहे, अशी त्यांची भूमिका. त्यांच्या ‘ऋग्वेदादिभाष्यभूमिका’ या ग्रंथात नौका आणि विमान यांच्या विद्येवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. तळपदे यांना हे ग्रंथ दाखवले ते चिरंजीलाल वर्मा या त्यांच्या गुरूंनी. तळपदे त्यात पुरते बुडाले. संस्कृत शिकले, वेदांवरची भाष्यं वाचली. चित्रकला शिकवणारा हा माणूस हळूहळू वेदांचा अभ्यासक आणि विमानाचा ध्यास घेतलेला प्रयोगकर्ता झाला.

इथे थांबून मी स्वतःला विचारलं, की मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं? वाचून टाळ्या वाजवल्या असत्या, नाहीतर भाषण ठोकलं असतं. तळपदे यांनी तसं केलं नाही. पुस्तकात विमान आहे म्हणतात ना, मग करून बघू, असं म्हणून ते हाताने काम करायला बसले. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या गोष्टीसाठी.

त्याच वेळी जगात दुसरीकडे काय चाललं होतं? फ्रान्समध्ये अल्फोन्स पेनो याने १८७१ साली पिळा दिलेल्या रबरावर चालणारं छोटं मॉडेल विमान पॅरिसच्या बागेत लोकांसमोर उडवलं. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेलं. आमच्या मॉडेलचा हा थेट खापरपणजोबा! याच पेनोच्या पद्धतीचं रबरावर उडणारं एक खेळणं १८७८ साली मिल्टन राइट यांनी घरी आणलं. तेव्हा विल्बर ११ वर्षांचा आणि ऑर्व्हिल ७ वर्षांचा होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे. जर्मनीत ऑटो लिलिएंथाल १८९१ पासून टेकडीवरून स्वतःच्या ग्लायडरने उड्या घेत होता. १८९६ च्या ऑगस्टमध्ये असाच पडून तो वारला. अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली वाफेच्या इंजिनाची मॉडेलं बनवत होता. त्याची बरीच मॉडेलं आधी नदीत पडली. शेवटी ६ मे १८९६ रोजी सुमारे ११ किलो वजनाचं, माणूस नसलेलं मॉडेल जवळजवळ १००० मीटर उडालं.

आता चौपाटीची गोष्ट. ती अशी सांगतात, की १८९५ साली तळपदे यांनी माणूस नसलेलं आपलं ‘मरुत्सखा’ हे विमान चौपाटीवर उडवलं. बघायला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड होते. विमान १५०० फूट उंच गेलं आणि खाली आलं. पुढे पैसा मिळेना, इंग्रज सरकारची वक्रदृष्टी झाली, पत्नी वारल्या, आणि प्रयोग थांबला. तळपदे गेल्यावर विमानाचे सुटे भाग एका परदेशी कंपनीला विकले गेले. माझ्या भाषणात हे सगळं होतं. एकही वाक्य मी गाळलं नव्हतं.

पण मित्रहो, या गोष्टीतला प्रत्येक तपशील नंतरच्या सांगण्यातून आलेला आहे. १८९५ च्या उड्डाणाची त्या काळातली विश्वासार्ह नोंद अभ्यासकांना मिळालेली नाही. फोटो नाही, मोजमापाचा नकाशा नाही, वजन नाही, इंजिनाची माहिती नाही. रानडे त्या वेळी मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश होते आणि सयाजीराव राज्य करत होते. दोघेही देशभर गाजलेले. असे दोन लोक हजर, जागा चौपाटीसारखी भर वस्तीतली, आणि विमान कुतुबमिनारच्या सहापट उंच गेलेलं! मुंबईत त्या वेळी इंग्रजी, मराठी, गुजराती अशी कितीतरी वर्तमानपत्रं निघत होती. असं दृश्य त्यांनी सोडलं असतं का? लँग्लीचं मॉडेल उडालं तेव्हा तिथे टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल हजर होते आणि त्यांनी फोटो काढला. ते मॉडेल शंभर फुटांच्या आसपास वर गेलं होतं. १७ डिसेंबर १९०३ ला राइट बंधूंचं पहिलं उड्डाण फक्त १२ सेकंदांचं आणि १२० फुटांचं. त्याचा फोटो आहे, साक्षीदारांची नावं आहेत, इंजिनाची ताकद (१२ अश्वशक्ती) माहीत आहे, वजन (६०५ पौंड) माहीत आहे. पंखांचं कापड कोणत्या प्रकारचं होतं हेसुद्धा माहीत आहे. पेंटर चाचांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

मग मी इंजिनाकडे वळलो. मरुत्सखात पाऱ्याचं इंजिन होतं असं सांगतात. काही जण तर ते आजच्या आयन इंजिनासारखं होतं म्हणतात. आपण इंजिनिअरिंगची मुलं आहोत, म्हणून आकडेच बघू. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. तो उकळतो ३५७ अंश सेल्सिअसला. त्याची वाफ विषारी. पाऱ्याच्या वाफेवर टर्बाइन चालवता येतं, अमेरिकेत विसाव्या शतकात काही वीज केंद्रांत ते चालवलंही, पण तिथे जमिनीवर अवजड बॉयलर होते. आयन इंजिनाचं म्हणाल तर नासाने १९७० मध्ये अवकाशात पाठवलेल्या सर्ट-२ या यानावर खरंच पाऱ्याची आयन इंजिनं होती. त्यातल्या एकाचं बळ साधारण २८ मिलिन्यूटन, म्हणजे ३ ग्रॅम वजन उचलण्याइतकं. तेही निर्वात जागेत. माझं ९२ ग्रॅमचं कागदी विमानसुद्धा त्याने जमिनीवरून हललं नसतं.

दुसरा धागा ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा. भरद्वाज ऋषींच्या या ग्रंथावरून तळपदे यांनी विमान केलं असं आपण ऐकतो. हा ग्रंथ सांगितला सुब्बराय शास्त्री (१८६६ ते १९४०) यांनी, आणि तो उतरवून घेतला गेला १९१८ ते १९२३ या काळात. त्यातली चित्रं एल्लप्पा नावाच्या बंगळूरच्या ड्राफ्ट्समनने १९२३ साली काढली. आणि तळपदे वारले १९१६ साली! मी वहीत ही दोन सालं एकाखाली एक लिहिली आणि बराच वेळ बघत बसलो. सहावीत मी जे सांगितलं ते निदान या रूपात तरी बसत नव्हतं.

१९७४ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या मुकुंदा, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू या पाच जणांनी या ग्रंथाचा तांत्रिक अभ्यास करून निबंध छापला. ग्रंथातल्या शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या चार विमानांची त्यांनी रीतसर तपासणी केली. निष्कर्ष असा, की ही विमानं उडू शकत नाहीत, आणि भाषेवरून हा ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे. त्याच निबंधात तळपदे यांचाही उल्लेख येतो. मुंबईच्या तळपदे यांनी सुब्बराय शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली मॉडेलं केली, पण त्यांतलं एकही उडवण्यात यश आलं नाही, असं शास्त्रींच्या चरित्रकथनाच्या आधारे त्यात सांगितलं आहे. म्हणजे ज्या बाजूच्या लोकांनी ग्रंथ जपला, त्यांच्याच आठवणीत तळपदे यांची मॉडेलं न उडालेली आहेत.

हे वाचलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मेसमध्ये मित्र चेष्टा करत होते, की एवढं काय झालं, नापास झाल्यासारखं तोंड केलंस. त्यांना काय सांगणार? आपल्या माणसाची एक गोष्ट आपण दहा वर्षं छातीशी धरलेली असते. ती सुटली की हात रिकामे वाटतात.

तळपदे यांचं पुढचं आयुष्य तसं शांत गेलं. ‘प्राचीन विमान कलेचा शोध’ या नावाचं पुस्तक त्यांनी लिहिलं. वेद, योग आणि मन या विषयांवरही त्यांचं लेखन आहे. विमानाची चाहूल मात्र त्यांच्या हयातीतच हिंदुस्थानात लागली. १९१० साली मद्रासमध्ये विमान उडालं. १८ फेब्रुवारी १९११ ला आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून नैनीला टपाल नेलं. ते जगातलं पहिलं अधिकृत विमानटपाल. तळपदे तेव्हा ४६-४७ वर्षांचे असतील. ज्या गोष्टीसाठी उमेद घालवली ती दुसऱ्याने करून आपल्या देशात आणली, ही बातमी वाचताना त्यांच्या मनात काय आलं असेल? पाच वर्षांनी, १९१६ मध्ये, ते वारले. पुढे ही गोष्ट लेखांतून, शाळेच्या भाषणांतून वाढत गेली. २०१५ च्या जानेवारीत मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला तेव्हा मोठा वाद झाला, आणि त्याच महिन्यात तळपदे यांच्यावरचा ‘हवाईजादा’ हा हिंदी सिनेमाही आला.

आता परत माझ्या विमानाकडे. चाचांनी काम मन लावून केलं होतं. आधी प्रायमर, मग थोडी लांबी, पॉलिश पेपरने घासून वर ऑईल पेंटचे दोन हात. पंख पिवळे, शेपूट लाल, निळ्या अक्षरांत ‘मरुत्सखा’, अक्षरांना पांढरी सावली. दिसायला असं, की गल्लीतली पोरं मागे लागली. मी, दोन चुलत भाऊ आणि आबा असे सगळे केसापुरीकडे सिंदफणेच्या धरणाजवळच्या मोकळ्या रानात गेलो. रबराला पिळा दिला, सोडलं. विमानाने नाक वर केलं, क्षणभर थांबलं आणि शेपटीवर आपटलं. परत सोडलं, परत तेच. पाचव्या वेळी शेपटीची कामटी मोडली.

सराफांकडे परत वजन केलं. १३१ ग्रॅम! रंगाने ३९ ग्रॅम चढवले होते. होस्टेलला येऊन हिशोब केला. वजन १.४२ पट झालं. तेच पंख तेवढं वजन उचलायला वेग त्याच्या वर्गमुळाइतका वाढवावा लागतो, म्हणजे साधारण १९ टक्के जास्त. आणि लागणारी शक्ती वजनाच्या दीड घाताने वाढते, म्हणजे जवळजवळ ७० टक्के जास्त. रबर तेच, शक्ती तीच. उडणार कसं? त्यात रंगाचे ८ ग्रॅम एकट्या शेपटीवर. शेपूट तोलबिंदूपासून ४० सेंटिमीटर मागे आणि नाक १६ सेंटिमीटर पुढे. शेपटीचे ८ ग्रॅम तोलायला नाकावर २० ग्रॅम लावावे लागले असते, म्हणजे वजन अजून वाढणार. दुखणं परवडलं, पण औषध नको अशी गत.

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचे पंख न रंगवलेल्या साध्या मलमलीच्या कापडाचे होते, हे मी आधी नुसतं वाचलं होतं. आता कळलं. नासाच्या स्पेस शटलची मोठी इंधनटाकी १९८१ च्या पहिल्या दोन उड्डाणांना पांढरी रंगवलेली होती. पुढे त्यांनी रंग देणंच सोडून दिलं आणि सुमारे २७० किलो वाचवले. म्हणून नंतरच्या सगळ्या फोटोंत ती टाकी नारिंगी दिसते. जुन्या कापडी विमानांना डोप लावायचे तेही शोभेसाठी नव्हे. त्याने कापड ताणून बसतं आणि छिद्रं बुजतात. विमानावर जे काही चढवाल त्याचं भाडं हवेत द्यावं लागतं.

मी रंगवलेला कागद सगळा सोलून काढला. नवा पतंगाचा कागद चिकटवला, त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारून वाळू दिला, तसा तो तबल्याच्या पुडीसारखा ताठ झाला. फर्निचरच्या दुकानातून थोडं सँडिंग सीलर आणलं, थिनर घालून पातळ केलं आणि मऊ ब्रशने एकच हात दिला. पंख दोन्ही बाजूंनी टाचण्या टोचून फळीवर रात्रभर ठेवले, नाहीतर वाळताना पिळा पडतो. नाव फक्त एका बाजूला, पातळ शाईने लिहिलं. वजन ९६ ग्रॅम. होस्टेलच्या मागच्या ग्राउंडवर ते सोडलं, आणि नऊ सेकंद उडालं. वॉचमन काकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

हे काम करताना माझ्या लक्षात आलं, की तळपदे यांच्या बाबतीतही आपण हेच केलं आहे. एका कलाशिक्षकाचा हलका, प्रामाणिक प्रयत्न होता. त्यावर आपण १५०० फुटांचा एक हात दिला, महाराजांचा एक हात, पाऱ्याचा एक हात, इंग्रजांच्या कटाचा एक हात. दिसायला सुंदर झालं, पण एका पेंटरच्या प्रश्नालाही ते टिकलं नाही. आणि खाली मूळ सांगाडा होता तो कोणी बघितलाच नाही.

प्रदर्शनाच्या आधी दोन दिवस माजलगावला जाऊन आलो. आबांना सांगायचंच होतं. ओसरीवर बसून वहीतली सालं दाखवली. आबा काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला, वही दोनदा वाचली आणि झोपायला गेले. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं मन दुखावलं आपण. सकाळी उठलो तर मॉडेलखाली लावायची माझी पाटी आबांसमोर होती आणि हातात लाल पेन. मी लिहिलं होतं, की तळपदे यांनी विमान उडवले नाही. आबांनी त्यावर काट मारली होती. वर म्हणाले, की लेकरा, उडालं म्हणणाऱ्याला तू पुरावा मागतोस, मग उडालं नाही असं ठणकावून सांगायला तुझ्याकडे तरी कुठे पुरावा आहे? जेवढं माहीत आहे तेवढंच लिही. चाळीस वर्षं वह्या तपासलेला माणूस तो. माझी वहीसुद्धा त्यांनी तपासली.

मग पाटी अशी झाली: शिवकर बापूजी तळपदे (१८६४ ते १९१६), मुंबईचे कलाशिक्षक आणि वेदाभ्यासक. त्यांनी विमान बनवण्याचा प्रयत्न केला. ते उडाल्याची त्या काळातली विश्वासार्ह नोंद नाही. हे मॉडेल त्यांच्या विमानाची प्रतिकृती नसून त्यांच्या आठवणीसाठी आहे. रंग मुद्दाम दिलेला नाही.

स्टॉलवर दोन दिवसांत खूप वाद झाले. काही जण रागावले, की तुम्हाला आपल्याच माणसाचा अभिमान नाही का. काही जण उलट बाजूने हसले, की हे सगळं थोतांडच होतं. दोघांनाही मी तीच पाटी दाखवली. स्टाफमधल्या एका सरांनी मात्र विचारलं, की मग या माणसाचं नाव विमानावर ठेवलंच कशाला? मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

सर, लँग्लीची कितीतरी मॉडेलं नदीत पडली. लिलिएंथाल तर जीवानिशी गेला. त्यांची नावं आपण पुस्तकात वाचतो, कारण त्यांनी पडलेल्या विमानाच्याही नोंदी ठेवल्या आणि पुढच्या माणसाला त्या मिळाल्या. राइट बंधूंनी लिलिएंथालचे आकडे घेतले, ते जमेनात तेव्हा १९०१ साली स्वतःचा वातबोगदा केला आणि सुमारे दोनशे पंखांचे आकार तपासले. तळपदे यांच्याकडे ध्यास होता, हात होते, पण चूक दाखवून देणारी मंडळी आणि नोंदीची परंपरा त्यांच्याभोवती नव्हती. त्यांचं मॉडेल का उडालं नाही, हे जर कोणी तेव्हा लिहून ठेवलं असतं, तर ते आपल्या हाताला लागलं असतं. आपण मात्र त्या जागी चमत्कार लिहून ठेवला, आणि चमत्कारातून पुढच्याला काही शिकता येत नाही.

म्हणून मित्रहो, एक विनंती. तुमच्या प्रोजेक्टमध्ये जे चाललं नाही तेही रिपोर्टात लिहा. वजन लिहा, तारीख लिहा, मोडकी कामटी दिसेल असा फोटो लावा. रंग नंतर देता येतो. माझ्या जर्नलमध्ये आता १३१ ग्रॅमचं पान पहिलं आहे आणि नऊ सेकंदांचं पान त्याच्या नंतर.

स्टीलचा पेला अजून देवळीतच आहे. तो शाळेला परत द्यायचा का, असं मी आबांना विचारलं. ते म्हणाले, की राहू दे, भाषण चांगलं झालं होतं. फक्त पुढच्या विज्ञान दिनाला शाळेत येऊन उरलेली अर्धी गोष्ट पोरांना सांग. मी हो म्हटलं आहे. विमान सोबत नेणार आहे, आणि पोरांनी रंग कोणता विचारला तर या वेळी उत्तर तयार आहे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी